वारा दर वेळी आपल्याच विरुद्ध फिरतो? आधी हेडर खरा आहे का ते बघा

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतली तक्रार अशी असते. स्टार्ट बरा मिळतो. पहिली दोन मिनिटं होडी पहिल्या पाचात असते. मग वारा इकडेतिकडे करायला लागतो, आपण दर वेळी अगदी 'बरोबर' टॅक मारतो (होडीचं नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलतो) आणि वरच्या बॉयला, म्हणजे वाऱ्याकडच्या तरंगत्या खुणेला, पोचतो तेव्हा आपल्या मागे दोनच होड्या उरलेल्या असतात. त्यातली एक नुकतीच उलटून सरळ झालेली. घरी जाताना गाडीत एकच वाक्य: "आज वारा लागलाच नाही आपल्याला." पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मी आणि माझा भाचा हे वाक्य दोन उन्हाळे बोलत होतो. होडी एंटरप्राइज, म्हणजे तेरा फुटी, दोघांची, एक मेन (मोठं शीड) आणि एक जिब (पुढचं छोटं शीड). टिलर (सुकाणूचा दांडा) माझ्याकडे, जिब त्याच्याकडे. पाणी मावळातल्या एका धरणाचं, तिन्ही बाजूंना डोंगर. एप्रिल-मेमध्ये क्लबची छोटी रेगाटा असते, दिवसाला तीन शर्यती. शिडं नवी घेऊन बघितली, सेंटरबोर्डचा तळ घासून गुळगुळीत केला, मी चार किलो वजनही उतरवलं. फरक शून्य.

तिसऱ्या उन्हाळ्यात कारण सापडलं आणि ते जरा लाजिरवाणं निघालं. वारा फिरला असं आम्हाला जितक्या वेळा वाटत होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा तो फिरलेलाच नव्हता.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. शिडाची होडी थेट वाऱ्यात जात नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंश ठेवून, कधी डाव्या तर कधी उजव्या हाताने, नागमोडी वर चढावं लागतं. त्यातली प्रत्येक बाजू म्हणजे एक टॅक. या चढणीवर वारा नाकाच्या बाजूला सरकला की तो हेडर. होडीचं तोंड पाडावं लागतं आणि बॉय लांब जातो. वारा शेपटीच्या बाजूला सरकला की लिफ्ट. तोंड वर घेता येतं आणि बॉय जवळ येतो. पुस्तकातला नियम सरळ आहे: हेडर आला की टॅक मारा, कारण एका टॅकवरचा हेडर हा दुसऱ्या टॅकवरची लिफ्ट असतो. नियम खरा आहे. आमचं घोडं पेंड खात होतं ते हेडर ओळखण्यात.

पहिलं काम: टॅक मोजा

क्लबमधल्या एका काकांनी बांधावर बसून आमची एक पूर्ण लेग, म्हणजे वरच्या बॉयपर्यंतचा टप्पा, फोनवर घेतली. रात्री ती दोघांनी मिळून बघितली. वरच्या बॉयपर्यंत आम्ही चौदा टॅक मारले होते. पहिल्या आलेल्या होडीने पाच.

हलक्या वाऱ्यात एका टॅकला होडीची दोन-तीन लांबी सहज जाते. वेग मरतो, जिब दुसऱ्या बाजूला यायला वेळ लागतो आणि पुन्हा चाल धरेपर्यंत शेजारी निघून जातो. नऊ जास्तीचे टॅक म्हणजे वीस-पंचवीस लांबी आम्ही पाण्यात सोडून आलो होतो आणि वाऱ्याला शिव्या घालत होतो. तुमचंही दुखणं हेच असेल, तर बाकी काही करण्याआधी एका लेगचे टॅक मोजा. दहाच्या वर असतील तर पुढचं वाचा. तीन-चारच असतील तर तुमची अडचण बहुधा वेगळी आहे. तुम्ही एका कोपऱ्यात जाऊन बसताय, त्याबद्दल खाली येतोच.

व्हिडिओ थांबवून थांबवून आम्ही प्रत्येक टॅकच्या आधीचे दहा सेकंद बघितले. पाण्यावर काय दिसतंय, बाजूच्या होड्यांचं तोंड कुठे आहे, आपल्या शिडाचं काय झालंय. तिथेच चोर सापडला. खरं तर तीन-चार चोर.

चोर नंबर एक: वारा पडला, फिरला नाही

हे सगळ्यात मोठं कारण, आणि बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

होडीत बसल्यावर अंगाला लागतो तो वारा खरा वारा नसतो. खरा वारा अधिक होडीच्या चालीने समोरून येणारा वारा, अशी ती बेरीज असते. स्कूटरवर बसल्यावर वारा नेहमी तोंडावरच येतो, तसंच. आता हिशेब बघा. खरा वारा ८ नॉट, होडीची चाल ४ नॉट, कोन ४५ अंश. अंगावरचा वारा नाकापासून साधारण ३० अंशांवर येतो. अचानक वारा ५ नॉटवर उतरला. होडी मात्र पुढचे काही सेकंद त्याच चालीने घसरत राहते. बेरजेत होडीच्या चालीचा वाटा वाढतो आणि अंगावरचा वारा २५ अंशांवर सरकतो. ४ नॉटवर उतरला तर २२-२३ अंशांवर. खऱ्या वाऱ्याने दिशा एक अंशही बदललेली नाही, पण जिबची पुढची कड लटपटते, शिडावर चिकटवलेला लोकरीचा धागा नाचायला लागतो आणि क्रू ओरडतो, "मामा, हेडर!"

मामा टॅक मारतात. म्हणजे वारा पडलेला असताना, होडीत उरलेली थोडीफार चाल आपल्याच हाताने संपवतात. दुसऱ्या टॅकवर होडी जवळजवळ उभी. दहा सेकंदांनी झोत येतो, त्यात अंगावरचा वारा मागे सरकतो आणि 'लिफ्ट मिळाली, टॅक बरोबरच होता' असं समाधानही मिळतं. ती लिफ्टही तितकीच खोटी. एका चुकीने दुसरीला दाखला दिला आणि आमची दोन वर्षं गेली.

ओळखायचं कसं? तीन गोष्टी बघा. हेडर आला त्याच क्षणी होडी सरळ झाली का? आपण काठावर रेललेले होतो आणि अचानक आत यावं लागलं, तर वारा पडलाय. आजूबाजूचं पाणी काळपट आणि खरखरीत होतं ते गुळगुळीत, उजळ झालंय का? तर वारा पडलाय. आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आपल्याच टॅकवर असलेल्या होडीचं तोंड आपल्याइतकंच पडलंय का? तिचं जैसे थे असेल तर हा तुमच्यापुरताच खड्डा आहे.

उपाय सोपा, पण हाताला सवय लागायला महिना गेला. धागा नाचला की पाच आकडे मोजायचे. टिलर किंचित, अगदी दोन बोटं, आणि शीट (शिडाचा दोर) वीतभर सैल. होडीला घसरू द्यायचं. पाच म्हणेपर्यंत होडीची चाल वाऱ्याला साजेशी उतरते आणि कोन बराचसा जागेवर येतो. पाचनंतरही तोंड पडलेलंच असेल, तर मग होकायंत्राकडे बघायचं.

शेजाऱ्याचं शीड

दुसरा खोटा हेडर गर्दीत मिळतो, विशेषतः स्टार्टनंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत. तुमच्या पुढे आणि जरा खाली (वारा जातो त्या बाजूला) एखादी होडी असेल तर तिच्या शिडाने वळवलेला वारा तुमच्या नाकावर येतो. तोंड दोन-चार अंश पडतं, चाल खुंटते, होडी हळूहळू तिच्या मागच्या पाण्यात घसरते. हा वारा फक्त त्या पन्नास फुटांत असतो. इथे टॅक मारून बाहेर पडावंही लागतं कधी, पण ते गटारातून बाहेर पडणं आहे, 'शिफ्ट (वाऱ्याचं फिरणं) पकडली' म्हणून खूश व्हायचं कारण नाही. पलीकडे मोकळा वारा असेल तरच मारा आणि पुन्हा परत यायची तयारी ठेवा.

याच्याच नात्यातली एक सवय. आपण पोर्ट टॅकवर (वारा डावीकडून), समोरून स्टारबोर्डवाला (वारा उजवीकडून) "स्टारबोर्ड!" म्हणून ओरडतो. वाट त्याची. घाबरून आम्ही लगेच टॅक मारायचो, तेही त्याच्या अगदी खालच्या अंगाला, त्याचा घाणेरडा वारा खात. पोर्ट टॅक फायद्याचा असेल तर टॅक मारू नका. शीट सैल करून त्याच्या शेपटीमागून जा. एक लांबी जाईल, पण बरोबर बाजूला राहाल. चौदापैकी तीन टॅक नुसते भीतीचे होते.

पाणी सरकतंय, वारा नव्हे

धरणावर हा प्रश्न नाही. मुंबईच्या बंदरात मात्र आहे, आणि तिथे आम्ही पहिल्यांदा शर्यत केली तेव्हा पार भंजाळलो. ज्या पाण्यात १९८२च्या एशियाडच्या शिडांच्या शर्यती झाल्या आणि फारुख तारापोर-झरीर करंजिया यांनी फायरबॉल होडीत सुवर्ण मिळवलं, ते हे पाणी. धरणावरचा शहाणपणा तिथे अर्धाच चालतो.

मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. एवढं पाणी सहा तासांत आत-बाहेर करतं, म्हणजे बंदरात ओढ असणारच, आणि ती सगळीकडे सारखी नसते. खोल वाटेत जोरात, कडेला उथळ पाण्यात कमी, वळताना आधी कडेला वळते. ६ नॉटच्या वाऱ्यात आडवी १ नॉटची ओढ असलेल्या पाण्यात तुम्ही शिरलात, की होडीला जाणवणारा वारा साधारण नऊ अंशांनी सरकतो. पुन्हा तेच: धागा नाचतो, क्रू ओरडतो, वारा मात्र आहे तिथेच. हा फरक पाच आकडे मोजून जात नाही, कारण तुम्ही त्या पाण्यात असेपर्यंत तो तसाच राहतो. ओळखायची खूण म्हणजे तो जागेला बांधलेला असतो. दर फेरीला त्याच ठिकाणी हेडर मिळत असेल, तर तो वाऱ्याचा नव्हे, पाण्याचा समजा. एखाद्या बॉयजवळून जाताना तिच्या मागे पाण्याची शेपटी किती लांब आहे तेही बघून ठेवा.

बंदरात आणखी एक फसगत होते. नांगरावर उभी असलेली मोठी जहाजं बघून आम्ही वाऱ्याची दिशा धरत होतो. भाच्याने तीन जहाजांची नाकं बघून अंदाज सांगितला आणि तो चाळीस अंशांनी चुकला. ओढ जोरात असेल तर नांगरावरचं जहाज पाण्याकडे तोंड करून उभं राहतं. वारा बघायचा तर जहाजाचं नाक सोडा, त्याचा झेंडा बघा. जहाज फिरताना दिसलं तर तेही उपयोगाचंच आहे. पाणी वळलं, एवढं त्यावरून कळतं.

मध्यावर परत येणं म्हणजे हेडर नव्हे

हा चोर सगळ्यात सभ्य दिसतो. इथे वारा खरंच फिरलेला असतो, धागा खोटं बोलत नाही, आणि तरीही टॅक चुकीचा असतो.

आमच्या धरणावर दुपारचा वारा पश्चिमेचा. स्टार्टच्या चाळीस मिनिटं आधी आम्ही पाण्यावर जातो. दर तीन मिनिटांनी होडीचं नाक सरळ वाऱ्यात घालायचं, शिडं फडफडू द्यायची आणि होकायंत्राचा आकडा बघायचा. डेकवर पांढरी चिकटपट्टी लावलेली असते, तिच्यावर मार्करने आकडे. मागच्या मे महिन्यातल्या एका दुपारची पट्टी अजून माझ्या डबीत आहे: २६२, २७८, २७०, २८१, २५९. सरासरी २७०. म्हणजे स्टारबोर्ड टॅकवर मधला आकडा २२५ आणि पोर्टवर ३१५. हे दोन आकडे पट्टीवर मोठे लिहायचे, बाकी विसरलं तरी चालेल.

स्टारबोर्ड टॅकवर आकडा वाढला की लिफ्ट, घटला की हेडर. पोर्टवर उलटं: घटला की लिफ्ट, वाढला की हेडर. सुरुवातीला डोक्यात घोळ होतो, म्हणून पट्टीवर २२५च्या शेजारी वर तोंड केलेला बाण आणि ३१५च्या शेजारी खाली तोंड केलेला बाण काढून ठेवा. बाणाच्या दिशेला आकडा गेला तर गप्प बसायचं.

आता बघा. स्टारबोर्डवर आहात, आकडा २३६. झकास लिफ्ट. मग तो २२९वर येतो. सात अंश तोंड पडलं, पोटात गोळा येतो. पण २२९ अजून २२५च्या वर आहे! म्हणजे याच टॅकवर राहायचं. मागच्या मिनिटाशी तुलना केली तर हेडर, सरासरीशी केली तर अजून लिफ्टच. आम्ही नेमके इथे टॅक मारत होतो आणि पोर्टवर, ३१९वर, अजून हेडरातच असलेल्या टॅकवर जाऊन पडत होतो. आकडा २२५च्या खाली गेला, पाच मोजूनही खालीच राहिला, तर टॅक. नाही तर नाही.

होकायंत्र नसेल तर? ऑप्टिमिस्टमधल्या (मुलांच्या छोट्या होडीतल्या) पोरांकडे नसतंच बऱ्याचदा. पलीकडच्या काठावरचं ठळक काहीतरी धरा. एखादा मोबाइल टॉवर, देऊळ, डोंगरातली खाच. सरावाच्या वेळी दोन्ही टॅकवर होडीचं नाक साधारण कशावर येतं ते बघून ठेवायचं. हे होकायंत्रापेक्षा वाईट नाही. छोट्या तळ्यावर तर मला जास्तच आवडतं, मान खाली घालावी लागत नाही. फक्त तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलात की खूण बदलते, हे ध्यानात ठेवा.

झुलणारा वारा आणि सरकणारा वारा

चारही चोर बाजूला काढले की जो उरतो तो खरा हेडर. त्याच्यातही दोन जाती आहेत आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

झुलणारा वारा म्हणजे आमच्या धरणावरचा. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, काठाने तपकिरी मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. तो उन्हाने तापतो, त्याच्यावरची गरम हवा वर सुटते, तिच्या जागी वरची थंड आणि जोरकस हवा खाली येते. ती खाली येते तोच झोत. पाण्यावर काळा डाग पंख्यासारखा पसरताना दिसतो, आणि त्या पंख्याच्या डाव्या कडेला वारा वेगळा, उजव्या कडेला वेगळा. सरासरी काढली तर वारा चार ते सात मिनिटांत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलतो. आमच्या पाण्यावरची ही वेळ, तुमच्या पाण्यावरची तुम्ही मोजा. अशा वाऱ्यात मध्याच्या आसपास राहायचं आणि वरच्या नियमाने टॅक मारायचा.

काठाला जाऊन का बसायचं नाही, त्याचाही हिशेब आहे. तुम्ही आणि शेजारी आडव्या रेषेत १०० मीटर लांब आहात आणि वारा १० अंश त्याच्याकडे सरकला, तर त्याला साधारण २५ मीटरचा फायदा. एंटरप्राइजच्या सहा लांबी, एका फटक्यात. बाजू बरोबर निघाली तर तुम्ही राजे, नाही तर शर्यत संपली. शिवाय ले-लाईनवर, म्हणजे बॉयपर्यंत एका टॅकमध्ये जाता येईल त्या रेषेवर, लवकर पोचलात की पुढच्या कुठल्याही शिफ्टचा तुम्हाला उपयोग नसतो. लिफ्ट आली तर तुम्ही उगाच जास्त वर गेलेले, हेडर आला तर खालचे सगळे पुढे. चौदा टॅकवाल्यांचं दुखणं एक, तीन टॅकवाल्यांचं हे दुसरं.

सरकणारा वारा म्हणजे एकाच दिशेने जाणारा आणि परत न येणारा. मुंबईची उन्हाळी सकाळ हे त्याचं चांगलं उदाहरण. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा, मरतुकडा. मग अर्धा-पाऊण तास बंदराची आरशासारखी काच. रेस कमिटी शर्यत लांबल्याचा लाल-पांढरा झेंडा चढवून सगळ्यांना उन्हात भाजत ठेवते. मग पश्चिम-वायव्येकडून खारा वारा लागतो आणि दुपारभर वाढत जातो. यातल्या अधल्यामधल्या वेळात शर्यत सुरू झाली तर उत्तरेकडचा वारा टप्प्याटप्प्याने डावीकडे, वायव्येला सरकतो. स्टारबोर्ड टॅकवर हेडर येतो, मग आणखी हेडर, मग आणखी. झुलणाऱ्या वाऱ्याचा नियम लावून पहिल्याच हेडरला टॅक मारला तर तुम्ही चुकीच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे निघालात. इथे दात-ओठ खाऊन हेडरात शिरायचं, डावीकडे जायचं, आणि वारा पुरेसा सरकला की पोर्टवर येऊन लिफ्ट खात बॉयकडे जायचं.

मात्र फार डावीकडेही नको. खारा वारा शहरावरून येतो. कुलाब्याच्या इमारतींच्या आडोशाला तो तुकड्यातुकड्याने खाली पडतो, मध्ये मोठी भोकं. कडेला चिकटणारे तिथे शिडं लोंबकळत उभे असतात आणि शेजारून एलिफंटाची लाँच लाट देऊन जाते. हे मी कडेला उभं राहूनच शिकलो.

दोन्ही जातींतला फरक कळायला चिकटपट्टीच कामी येते. आकडे मागेपुढे होत असतील तर झुलणारा. २९५, २९०, २९२, २८४, २७८ असे एकंदरीत उतरत चालले असतील तर सरकणारा. दोन्ही एकदमही असतात, झुलत झुलत सरकणारा, आणि तेव्हा सरासरी दर लेगला नवी काढावी लागते.

एक खाच इथे आहे, जी मला फार उशिरा कळली. वारा सहा मिनिटांत एक झोका घेत असेल आणि लेग बारा मिनिटांची असेल तर तो झुलणारा. पण लेगच तीन मिनिटांची असेल, जशी पोरांच्या छोट्या कोर्सवर असते, तर तोच वारा तुमच्यासाठी सरकणारा आहे, कारण तो परत येईपर्यंत तुम्ही बॉय वळून गेलेले असता. स्टार्टच्या वेळी वारा कुठल्या टोकाला आहे आणि कुठे निघालाय, एवढंच मग बघायचं. शंभर मीटरच्या स्टार्ट लाईनला पाच अंशांचा कल असला तरी एका टोकाला जवळजवळ नऊ मीटरची आघाडी फुकट मिळते. छोट्या कोर्सवर तेवढ्यावर शर्यत लागते.

ढग चढला तर हे सगळं गुंडाळा

मे महिन्यात दुपारनंतर पुण्याकडे ढग चढतात. वळवाच्या ढगापुढे पट्टीवरचे आकडे निरर्थक. खूण अशी: चांगला चाललेला पश्चिमेचा वारा एकदम मरतो, आणि मग ढगाच्या बाजूने गार झुळूक येते, मातीचा वास घेऊन. तो वास आला की तुमच्याकडे काही मिनिटंच असतात. त्यानंतरचा वारा ढगाकडून येतो, तो आधीच्या दुप्पट-तिप्पट जोराचा असू शकतो, आणि त्यात टॅक-बिक काही नसतं. शीट हातात मोकळी, क्लीटमधून (दोर अडकवायच्या खाचेतून) काढलेली. लाइफ जॅकेटचे बंद घट्ट. कमिटीने निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा एन झेंडा चढवला तर शर्यत रद्द, घरी चला. नाही चढवला तरी चला, तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. एकदा आम्ही तिसऱ्या नंबरवर होतो म्हणून थांबलो. होडी उलटली, पट्टी, बाटल्या आणि भाच्याचा चष्मा, सगळं धरणाला अर्पण.

आता होडीत काय चालतं

सगळ्यात कामाला आलेला बदल शिडात नाही, बोलण्यात केला. 'हेडर' हा शब्द आमच्या होडीत बंद आहे. कारण तो शब्द ऐकला की माझा हात टिलरवर आपोआप जातो, विचार नंतर येतो. भाचा फक्त आकडा सांगतो. "मामा, दोनशे तीस." "दोनशे अठ्ठावीस." "दोनशे बावीस… एक, दोन, तीन…" पाचपर्यंत मोजायचं कामही त्याचंच. पाच झाल्यावर तो पाण्याकडे बघून एक शब्द जोडतो, 'काळं' किंवा 'गोरं'. काळं म्हणजे वारा आहे, पाणी खरखरीत. गोरं म्हणजे वारा पडलाय. दोनशे बावीस, पाच, काळं: टॅक. दोनशे बावीस, पाच, गोरं: थांब. एवढीच भाषा. पलीकडच्या होड्यांतून आरडाओरडा ऐकू येतो, आमच्याकडे रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं चालू असतं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटच्या शर्यतीत टॅक सहा होते. नंबर चौथा, अठरा होड्यांत.

एक जागा अजून सुटलेली नाही. आमच्या वरच्या बॉयच्या मागे डोंगर थेट पाण्यात उतरतो आणि शेवटच्या साठ-सत्तर मीटरमध्ये वारा कुठूनही येतो, कधी डोंगरावरून घसरून, कधी कडेने वळून. तिथे पट्टी चालत नाही, पाच मोजणं चालत नाही. मी आता एवढंच करतो की त्या पट्ट्यात शिरताना ले-लाईनच्या दोन लांबी वर राहतो आणि शीट क्लीटमधून काढून हातात घेतो. भाचा म्हणतो, उजवीकडून आलं तर नेहमी बरं जातं. मी त्याला म्हटलंय, पुढच्या एप्रिलमध्ये दहा वेळा लिहून दाखव, मग मानतो.